पट, पाढे, पोषण आहार: वज्रेश्वरी पट्ट्यातल्या शाळांची हजेरी

शिरसाड फाट्यावरून पारोळ-उसगाव करत या, नाहीतर भिवंडीहून अंबाडी नाक्यावरून वळा. वज्रेश्वरीला येणाऱ्याच्या डोक्यात तीनच गोष्टी असतात. देवीचं दर्शन, अकलोलीच्या कुंडात डुबकी, आणि वेळ उरला तर गणेशपुरीला नित्यानंद बाबांच्या समाधीवर माथा टेकणं. याच रस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळाही आहेत, पण त्या बघायला गाडी कोण थांबवतो? निकालाच्या बातम्यांतही हा भाग फारसा झळकत नाही. गंमत अशी की देशानं पुढे उचललेल्या शाळेच्या काही भन्नाट युक्त्या या जुन्या ठाणे जिल्ह्यातच जन्मल्या. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच उठून त्याच्याकडे जाईल, हा हट्ट इथला. तेव्हा नारळ फोडून झाला असेल तर चला, एक हजेरी शाळांचीही घेऊ.

बावन्न पायऱ्यांचं गणित

वज्रेश्वरीचं देऊळ बाहेरून थेट किल्ला वाटतं, आणि त्याला कारण आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला, १७३९ साली वसईचा किल्ला फत्ते झाला आणि नवस फेडायला हे देऊळ उभं राहिलं. वर जायला बावन्न दगडी पायऱ्या.

आता लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी केंद्रानं काढलेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्ट बघा. पहिली संपेपर्यंत मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता आल्या पाहिजेत, दुसरीअखेर ९९९, तिसरीअखेर ९,९९९. म्हणजे देवीच्या पायऱ्या न चुकता मोजणारं पहिलीचं पोर अर्ध्याहून जास्त मजल चढता चढता मारतं. उरलेल्या सत्तेचाळीससाठी त्याला पायऱ्या उतरायला लावायच्या. पाच पायऱ्या उरतात, त्या आजीसाठी ठेवा.

याच बावन्नवरून २०१९च्या जूनमध्ये महाराष्ट्रात चांगलीच जुंपली होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावन्न’च्या जोडीला ‘पन्नास दोन’ असं वाचायची सोय दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, हा नुसता जादा पर्याय आहे. विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळ्यांनी विनोद करून घेतले. दुसरीच्या वर्गात काय वाटलं, हे विचारायला मात्र फारसं कुणी गेलं नाही.

अकरा आकडी गोत्र

प्रत्येक शाळेला यू-डायस नावाचा अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्र २७, ठाणे २१. त्यामुळे वज्रेश्वरीच्या शाळेचा क्रमांक २७२१नेच सुरू होणार. जिल्ह्यांची मोजणी नंदुरबारपासून सुरू होऊन सांगलीला ३५वर संपत होती. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि त्याला ३६ मिळाला.

आता वज्रेश्वरी भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाण्यात. त्याच रस्त्यावरचं उसगाव वसई तालुक्यात, म्हणजे पालघरमध्ये. थोडंसं अंतर चाललं की जिल्हा परिषद बदलते, शिक्षणाधिकारी बदलतात, आणि २१चे ३६ होतात. मोठ्यांना ही कागदावरची भानगड वाटेल. वीटभट्टीवर जाणाऱ्या पोराला ती कशी भोवते, ते पुढे येतंच आहे.

दोन खोल्या, एक पडवी

खेड्यातल्या इतक्या शाळा एकाच छापाच्या कशा, असा प्रश्न कधी पडलाय? दोन खोल्या, पुढे पडवी, बाजूला मुतारी. हा छाप १९८७च्या ‘खडू-फळा’ मोहिमेचा. केंद्राच्या या योजनेनं ठरवून दिलं होतं: सगळ्या ऋतूंत वापरता येतील अशा दोन बऱ्यापैकी मोठ्या खोल्या, पडवी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, निदान दोन शिक्षक आणि त्यांतली शक्यतो एक बाई.

खोल्या दोन आणि इयत्ता चार, मग बसवायचं कसं? पहिली-दुसरी या खोलीत, तिसरी-चौथी त्या खोलीत. एका भिंतीला पहिलीचा फळा, समोरच्या भिंतीला दुसरीचा. बाई पहिलीला अक्षरं गिरवायला देतात आणि वळून दुसरीचा हातचा समजावतात. याचा एक फायदा कुठल्याच अहवालात येत नाही: पहिलीतलं चलाख पोर कान टवकारून दुसरीचं सगळं आधीच ऐकून बसलेलं असतं. शिक्षण हक्क कायद्यानंही साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हेच गणित ठेवलं. त्यातले एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले की शाळा एकशिक्षकी. याच कायद्याच्या २७व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावता येत नाही. कलम वाचून कुठल्याही गुरुजींना हसू येईल.

मार्क कुणाचे खरे?

अमेरिकेत सरकारी शाळांत तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी होते, शाळेचा निकाल जाहीर होतो आणि लोक तो बघून घरं घेतात. आपल्याकडे शाळेचं प्रगतिपुस्तक एकाच ठिकाणी भरत नाही. तीन-चार ठिकाणी भरतं, आणि मार्क जुळत नाहीत.

पहिलं ठिकाण ‘असर’. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेनं २००५ला ही पाहणी सुरू केली. ती फक्त ग्रामीण भागात होते, त्यामुळे मुंबईचं पोर तिच्या हाती लागत नाही. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं. स्वयंसेवक शाळेत जाऊन परीक्षा घेत नाहीत, घरी जातात. अंगणात बसून पोराच्या हातात एक कागद देतात: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथवर वाचता आलं ती त्याची पातळी. गणितात आकडे ओळख, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकानं भाग. आई चुलीपाशी, शेजारची चार पोरं खांद्यावरून डोकावतायत आणि मधूनच कुणीतरी उत्तर फोडतंय. अशा धामधुमीत बासष्टातून सदतीस वजा करायचे.

देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली? २०१८ला २०.९ टक्के, कोरोनानंतर २०२२ला १६.३, आणि २०२४ला २३.४. शेवटचा आकडा आजवरच्या चांगल्यांपैकी आहे. तरी शंभरातली सत्त्याहत्तर मुलं गोष्टीच्या अलीकडेच थांबली.

दुसरं ठिकाण केंद्राचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. ते शाळेत होतं आणि नमुन्यात आलेल्या मुलांना बहुपर्यायी प्रश्न असतात. तिसरं ठिकाण केंद्राचाच कामगिरी निर्देशांक. २०२०-२१ला त्यात केरळ, पंजाब आणि महाराष्ट्र तिघांना १००० पैकी ९२८ गुण मिळाले. टाळ्या! फक्त त्या हजारांत निकालाबरोबर सोयीसुविधा, शाळेत टिकलेली मुलं, शिक्षकांची हजेरी ऑनलाइन भरली का, असली कारभाराची खातीही असतात. अंगणातल्या चाचणीत त्या पोराला फक्त गोष्ट विचारली होती.

तारखांची एक खोडी

संपादणूक सर्वेक्षणाच्या तारखा शेजारी शेजारी मांडा. १३ नोव्हेंबर २०१७. १२ नोव्हेंबर २०२१. ‘परख’ नावाने झालेलं ताजं सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४. तिन्ही दिवाळीनंतर. दिल्लीत बसून कॅलेंडर पाहिलं तर तारखा उत्तम: सहामाही झाली, सुट्टी संपली, वार्षिक लांब आहे.

भिवंडी-वसईच्या कॅलेंडरमध्ये दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. मोखाडा, जव्हार, वाडा, शहापूरकडची कातकरी आणि वारली कुटुंबं बयाणा घेऊन आधीच बांधली गेलेली असतात. भातकापणी उरकली की गाठोडं, कोंबड्या आणि पोरांसह भट्टीवर. त्या दिवशी वर्गात नसलेलं मूल नमुन्यात येत नाही, आणि घरोघर फिरणाऱ्याला त्याच्या घराला कुलूप दिसतं. त्यामुळे जे पोर सगळ्यांत मागे आहे तेच दोन्ही मोजण्या चुकवून निसटतं. निकाल बघताना ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर बरेच आकडे वेगळे दिसतात.

भट्टीवरची घंटा

आणि इथंच हा पट्टा देशाच्या चार पावलं पुढे होता. उसगावच्या डोंगरीवर विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेचं काम. वेठबिगारांच्या सुटकेसाठी १९८२ला संघटना उभी राहिली. सुटका झालेली माणसं पुन्हा भट्टीवर जाताना पोरांना घेऊनच जातात, हे दिसत होतं. मग १९९०नंतरच्या दशकात भोंगा शाळा निघाल्या.

भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. कच्च्या विटा एकावर एक रचायच्या, वर गवत नाहीतर झावळ्या टाकायच्या, वाकून आत शिरायचं. शाळाही तशाच भोंग्यात. बाकं नाहीत, घंटा म्हणजे लोखंडाचा तुकडा. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, त्यामुळे घरातला प्रत्येक हात मोजला जातो: बाप गारा तुडवतो, आई विटा थापते, आणि पोरांकडे दोन कामं. सुकत घातलेल्या विटा पलटायच्या आणि धाकट्याला सांभाळायचं. शाळेची वेळ ठरवताना या दोन्ही कामांशी झुंजावं लागे. धाकटं कडेवर घेऊनच विद्यार्थिनी वर्गात यायची. आपल्या प्रवेश अर्जात ‘सोबत आणलेलं भावंड’ असा रकाना अजून नाही.

पुढे सरकारनं गावातच हंगामी वसतिगृहांची सोय काढली, म्हणजे आईबाप भट्टीवर गेले तरी मूल गावात राहील. ‘शिक्षण हमी पत्रक’ही निघालं. मूल काय शिकलंय ते त्यावर लिहून द्यायचं आणि भट्टीजवळच्या शाळेनं ते बघून त्याला वर्गात बसवायचं. कायदा तर त्याहून सरळ आहे: दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण मोखाड्याचं पोर भिवंडीला आलं की ३६ सोडून २१मध्ये येतं. एका जिल्हा परिषदेच्या पटावरून दुसरीच्या पटावर. पटावरच शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे मूळ गावची शाळा नाव सोडायला नाखूश आणि नवी शाळा हंगामापुरत्या पाहुण्याला घ्यायला नाखूश. गाठोडं डोक्यावर घेऊन ते पोर मधल्यामध्ये.

गुरांमागे धावणारी शाळा

भोंगा शाळेचं आजोळ शोधायचं तर डहाणूकडे जायला हवं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ला बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. १९५७ला मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला.

बालवाडी काढली तर पाड्यावरची मुलं येईनात. मग या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यातल्या एखाद्या अंगणात नेली. झाली अंगणवाडी! १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि हे नाव देशभर गेलं. आज काश्मीरपासून केरळपर्यंत ज्या नावाच्या पाट्या आहेत त्याचं मूळ एका वारली अंगणात आहे.

त्याहून गमतीची कुरणशाळा. थोरली मुलं गुरं राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. ठीक आहे, शाळा कुरणात. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली, शिक्षिका सोबत. एखादी म्हैस भलत्याच शेतात शिरली की वर्ग तात्पुरता स्थगित. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग खडे, शिंपले, बिया, पानं, बांबूचे तुकडे. पुढे २०१५ला राज्याचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, साताऱ्याच्या कुमठे बीटातले वर्ग बघायला राज्यभरचे शिक्षक गाड्या करकरून गेले, आणि फरशीवर खडे-बिया मांडून बसलेली मुलं पाहून थक्क होऊन परतले. कुमठ्याच्या शिक्षकांचं काम खणखणीतच होतं. पण कोसबाडच्या टेकडीवर कुणाला फारसा धक्का बसला नसेल.

ताराबाईंना १९६२ला पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ला पद्मश्री. कुरणातल्या गुरांचा उल्लेख कुठल्याच मानपत्रात नसावा.

एक रुपयाची गोष्ट

हंटर आयोगापुढे १८८२ला जोतीराव फुल्यांनी मागणी केली: निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. इंग्रजांनी ऐकलं नाही, काही संस्थानिकांनी ऐकलं. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ला अमरेलीत प्रयोग करून १९०६ला राज्यभर सक्ती केली. (याच गायकवाड घराण्यानं वज्रेश्वरीच्या देवळाची डागडुजी केली असं सांगतात.) कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ला सक्तीचा जाहीरनामा काढला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. तेव्हाचा रुपया, बरं का.

आता १९९२ला या. आदिवासी आणि गरीब घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीपोटी भत्ता जाहीर झाला: दिवसाला एक रुपया. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, वर्षाला जास्तीत जास्त दोनशेवीस. तीस वर्षं उलटली तरी भत्ता रुपयावरच रेंगाळला. वज्रेश्वरीच्या बाजारात आज रुपयाला लिमलेटची गोळी मिळाली तरी नशीब.

बोटाला शाई

पट फुगवायची खोड महाराष्ट्रात जुनी. पट जास्त तर शिक्षक जास्त, अनुदान जास्त, तांदूळ जास्त. २०११च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं एकाच वेळी राज्यभर पटपडताळणी काढली. एकच पोर सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत मोजलं जाऊ नये, म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. मतदानाच्या वयाला बारा वर्षं कमी असलेली मुलं बोट नाचवत घरी गेली. कागदावरची लाखो मुलं मात्र त्या तीन दिवसांत कुठंच सापडली नाहीत. आता आधार जोडलंय, शाई लागत नाही.

चव आधी गुरुजींची

दुपारच्या जेवणाचा नियम ऐकून तोंडाला पाणी सुटायला हवं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावीनंतर १५० ग्रॅम, ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं. १९९५ला योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं. महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी न्यायचे. २००१ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवून वाढा असं बजावलं, आणि खिचडी अवतरली.

वाढण्याआधी शिक्षकानं जेवण चाखायचं आणि चवीची नोंद वहीत करायची असते. पाककृतीवर समीक्षा लिहिणारा हा बहुधा एकमेव सरकारी नोकर. त्याच्या समीक्षेतही शब्द ठरलेले: ‘चव चांगली’. त्याखाली सही, आणि त्याखाली एखाद्या मातेची सही किंवा अंगठा. मीठ जास्त झालं तर तेलकट बोटांची पहिलीची समीक्षा जास्त भरवशाची असते. ताट भरलेलंच परत गेलं की समजावं.

२०२३च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं मिळू लागलं, न खाणाऱ्याला केळं. २०२५च्या जानेवारीत राज्यानं त्याचे पैसे थांबवले आणि हवं तर लोकसहभागातून द्या असं सुचवलं. कोंबडी मात्र लोकसहभागातून अंडं घालत नाही, तिला रोजचे दाणे लागतात.

मिनिटाला साठ

तिसरीच्या मुलानं मिनिटाला निदान साठ शब्द समजून वाचावेत, हे ‘निपुण’चं माप. दुसरीला पंचेचाळीस ते साठ. हा लेख त्या गतीनं वाचला तर अर्ध्या तासाच्या वर जाईल, मधली सुट्टी संपेल आणि खिचडी गार होईल. घरी कुणी तिसरीत असेल तर घड्याळ लावून करून बघा. फक्त कातकरी किंवा वारली बोलणाऱ्या पोरासाठी पुस्तकातली मराठी ही अर्धी परकी भाषा असते, एवढी सूट घड्याळाला द्या.

भराभर थोडं आणखी

२०२४च्या फेब्रुवारीत आदेश निघाला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, मुलांची झोप होत नाही. सूचना राज्यपालांकडून आली होती.

२०२३ला पाठ्यपुस्तकांत धड्यांमागे कोरी पानं आली. वही वेगळी नको, दप्तर हलकं. पुस्तकं जाड झाली, पोरांनी वह्या आणल्याच. २०२५-२६पासून कोरी पानं गेली.

२०२४ला ‘एक राज्य, एक गणवेश’ ठरला. कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडून. गणवेश उशिरा आले आणि आले ते काहींना ढगळ, काहींना आखूड. डिसेंबरात अधिकार पुन्हा गावच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे. गावच्या शिंप्याला दुसरीतल्या पोराची उंची आधीच माहीत होती.

शिष्यवृत्तीची परीक्षा १९५४-५५पासूनची. पिढ्यान्‌पिढ्या चौथी आणि सातवीला झाली, २०१६-१७ला पाचवी आणि आठवीला गेली. पण बहुतेक जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे गुरुजींनी चार वर्षं घासून तयार केलेलं पोर परीक्षेच्या वर्षी दुसऱ्याच शाळेच्या नावावर झळकू लागलं. हळहळ समजण्यासारखी होती.

ठाण्याचे दोन, पुण्याचा एक, सोलापूरचा एक

शहापूर तालुक्यातलं पष्टेपाडा हे नाव एरवी कुणी ऐकलं नसतं. २०१०नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या जिल्हा परिषद शाळेत टॅब आले आणि दप्तराची सुट्टी झाली. विजेचा भरवसा नाही म्हणून सौर पॅनेल. गावानं वर्गणी काढली. बघायला राज्यभरचे शिक्षक आले, आणि ‘डिजिटल शाळा’ हे दोन शब्द गावोगावच्या भिंतींवर रंगले. काही ठिकाणी शब्दच आधी आले.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसलेंना ३ डिसेंबर २०२०ला दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं. पुस्तकात क्यूआर कोड छापायची त्यांची कल्पना बालभारतीनं उचलली होती. त्यांनी अर्धी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटून टाकली.

पुण्याच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या शाळेचा पट तीनवर आला होता. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं गेले, गावानं हात लावला, पट शंभराच्या पुढे गेला, आणि २०२५ला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार या शाळेला मिळाला. आता यासोबत २०२३चा एक कागद ठेवा. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या १४,७८३ शाळा मोजून त्या एकत्र करून समूह शाळा करता येतील का, याची चाचपणी सरकार तेव्हा करत होतं. त्या शाळांत १ लाख ८५ हजारांवर मुलं होती. तीन पटाची शाळा अशा यादीत बसली असती, अगदी वरच्या ओळीत. भिवंडी-शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अशा कमी पटाच्या शाळा कमी नाहीत. तिथून सहा वर्षांचं चिमुरडं ओढा ओलांडून दुसऱ्या गावच्या समूह शाळेत कसं जाणार, याचं उत्तर पावसाळ्यात तानसा नदी बघून द्यावं.

आणि ठाण्याचं दुसरं नाव: मुरबाड तालुक्यातलं फांगणे. इथल्या आजीबाईंना पोथी-चरित्र ऐकताना वाटायचं, आपल्यालाही वाचता आलं असतं तर? गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते ऐकलं आणि मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीनं ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा भरवली. विद्यार्थिनींचं वय साठीपासून नव्वदीपर्यंत. दुपारी घरकाम उरकून पाटी-दप्तर घेऊन यायचं, अ आ गिरवायचं, सही करायला शिकायचं. नातवंडं गृहपाठ तपासतात, आणि चूक झाली की आजीला सोडत नाहीत. सून ताटं घासते आणि सासू शाळेत जाते, हे दृश्य बघायला परदेशी वाहिन्यांचे कॅमेरे आले.

‘असर’मध्ये वयाची अट ३ ते १६. त्यामुळे फांगण्याच्या या वर्गाचा निकाल कुठल्याच तक्त्यात येणार नाही. गणवेश मात्र त्यांचा एकदम ठरलेला आहे: गुलाबी नऊवारी. शिवायची भानगड नाही, आणि ढगळ-आखूडची तक्रारही नाही.